सशाच्या कपाळावर वाघाची खूण

कात्री हातात घेतली आणि त्सायनीच्या तोंडचं पाणी पळालं. समोर, खालून चूल पेटवलेल्या उबदार कट्ट्यावर, स्थळ म्हणून आलेल्या मानथांगची आई हाओकाकू मांडी ठोकून बसली होती. सून करायची तर आधी तिनं कात्रीनं कापलेलं कागदाचं चित्र पाहायचं, अशी त्या टेकड्यांतली रीत.

"सशाला विळखा घातलेला साप काप," काकू म्हणाली. "आमचा मानथांग सापाच्या वर्षाचा, तू सशाच्या. असा जोडा नशिबानं मिळतो."

नशीब कसलं! तिकडे दर वर्षाला एका प्राण्याचं नाव असतं, आणि त्सायनी जन्मली ती वाघाचं वर्ष सरता सरता. वाघाच्या वर्षाची मुलगी नवऱ्याला खाते म्हणून आलेली स्थळं उंबऱ्यावरूनच परतली होती. या खेपेला आईने तिचा जन्म सरळ पुढच्या वर्षात ढकलून दिला होता. आणि मानथांग तर त्सायनीला मनापासून आवडला होता. हे लग्न मोडलेलं तिला सोसवणार नव्हतं.

लाल कागद हातात फिरू लागला. सापाचा विळखा झाला, सशाचे लांब कान झाले.

"खजूर घ्या ना विहीणबाई," आईने ताटली पुढे सरकवली.

काकूने ताटलीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिची नजर कात्रीच्या टोकावर खिळलेली. त्सायनी घाबरली आणि हात सवयीनेच चालला. लहानपणापासून दर नववर्षाला ती खिडकीसाठी स्वतःचा प्राणी कापायची. कपाळावर तीन आडव्या रेघा, मधून एक उभी. ती वाघाची खूण आता सशाच्या कपाळावर उमटली. कापलेला कागद काही सांधता येत नाही.

"म्हातारा ससा आहे हो," आई घाईघाईने म्हणाली. "सुरकुत्या पडल्यात!"

"तुम्ही गप्प बसा." काकूने कात्री काढून घेतली. "पोरी, खरं वर्ष कोणतं?"

"वाघाचं."

आईने कपाळावर हात मारून घेतला.

"माझं लग्न पंचांग बघून, प्राणी जुळवून लावलं होतं," काकू म्हणाली. "तरी मानथांगचा बाप खाणीतून वर आला नाही. त्याला कोणत्या प्राण्यानं खाल्लं?" "मानथांगला ठाऊक आहे हे?"

त्सायनीने मान डोलावली. "त्यानंच सांगितलं, माझ्या आईला कळू देऊ नकोस, ससाच काप म्हणून."

"भित्रा मेला!" काकूने नवा लाल कागद तिच्यापुढे आपटला. "वाघ काप. चांगला दातवाला. आमच्या घरात एक तरी हवाच."