कोरडा बूट

टाउनोने जन्मभर बायकोपासून एकच गोष्ट लपवली. दलदलीत पिकणारी हिल्ला नावाची केशरी रानफळं तो कुठून वेचून आणतो, ते त्याने तिला कधी सांगितलं नाही.

यात नवल काही नाही. आमच्या उत्तरेत माणूस घरातली भांडणं सांगेल, जावयाच्या भानगडी सांगेल, पण हिल्लाची जागा विचारलीत तर तुमच्याशी हवापाण्याच्या गोष्टी करत बसेल. जागा सांगायची ती मरतेवेळी, आणि तीही एकालाच. टाउनो मात्र गेल्या हिवाळ्यात अंगणातला बर्फ उपसता उपसता मटकन खाली बसला आणि कुणाला काही सांगायच्या आतच गेला. झाकली मूठ झाकलीच राहिली, असं सगळ्यांनी धरलं.

सगळ्यांनी म्हणजे इर्या सोडून. त्याच्या बायकोला जागा ठाऊक होती. लग्नानंतर थोड्याच वर्षांनी ती एकदा गुपचूप त्याच्या मागे गेली होती, आणि मग अधूनमधून जातच राहिली. कंबर धड होती तोवर तिला ती चैनच वाटायची. पण याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. बादल्या भरून आल्या की टाउनो असा काही मिशीतल्या मिशीत हसायचा की त्याच्या त्या हसण्यावर पाणी ओतायला तिचं मन धजलं नाही.

यंदा मावशी चालवायला यार्को होता, त्यांचा मुलगा. मावशी म्हणजे त्यांची घरगाडी. हे नाव टाउनोनेच ठेवलेलं, कारण ती जाडी होती, सावकाश चालायची आणि चढ आला की कुरकुरायची. आता तिच्या कपाटांची दारं सुतळीने बांधलेली होती आणि गाद्यांना कॉफीचा वास कायमचा चिकटला होता. परतताना रोवानिएमीत ती एका गिऱ्हाइकाच्या हवाली करायची, असं यार्कोने ठरवून टाकलं होतं. इर्याची कमरेची शस्त्रक्रिया शरदात होती. म्हणजे ही शेवटचीच फेरी. इर्या मागच्या बाकावर नातीशेजारी बसून खिडकीबाहेर बघत होती. सोदानकुला मागे पडलं, मग गावं संपली, मग झाडंही बुटकी होत गेली. प्रत्येक वळणावर तिला काहीतरी आठवत होतं, आणि कुणाला सांगावं तर त्यातलं काहीच सांगण्यासारखं नव्हतं.

रस्त्यात रेनडिअरचा कळप आडवा आला. यार्कोने भोंगा वाजवला. टाउनोने कधी वाजवला नसता. तो सरळ इंजिन बंद करायचा, थर्मास काढायचा आणि म्हणायचा, "रस्ता त्यांचा, कॉफी आपली." इर्याच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. वेन्लाने, म्हणजे नातीने, काय झालं म्हणून विचारलं, तेव्हा तिने डासांवर ढकललं.

इनारीच्या पुढे तळ्याकाठच्या नेहमीच्या मोकळ्या जागेत त्यांनी मावशी लावली. चुलाणावर सॉसेज भाजता भाजता पैवी, म्हणजे सून, सहज म्हणाली की हिल्ला हवीच असतील तर इनारीच्या बाजारात मिळतील, आई, तुम्ही कशाला जिवाला त्रास करून घेता. इर्याने नुसती मान हलवली. बाजारची हिल्ला म्हणजे दुधाची तहान ताकावर, पण सुनेला ते कुठे सांगत बसायचं.

यार्को मात्र उसळला. लहानपणी आपण बाबांच्या किती विनवण्या केल्या, मोठेपणीही केल्या, पण त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. मग आवाज उतरला.

"गुपित गेलं त्याचं काही नाही गं, आई. पण बाबांचा माझ्यावर विश्वास नव्हता, हे लागतं."

इर्याला ते काळजात लागलं. सांगून टाकावं असं तिच्या ओठांवर आलं होतं. पण सांगायचं म्हणजे काय काय सांगायचं? की तुझे बाबा जन्मभर ज्या गुपिताच्या ऐटीत मिरवले, ते बायकोला पहिल्यापासून माहीत होतं? मुलगा हसेल. पोट धरून हसेल. मेलेल्या माणसाचं हसं होऊ द्यायला इर्या तयार नव्हती, आणि मुलाला तसंच कुढत ठेवायलाही तयार नव्हती. तिने शेवटी सॉसेज उलटवले आणि म्हणाली,

"सकाळी मी जरा पाय मोकळे करून येते. कुणी मागे यायचं नाही."

बोलल्यावर तिच्या लक्षात आलं की हे टाउनोचेच शब्द होते. दरवर्षी, याच चुलाणाशी बसून, तो असंच बजावायचा.

सकाळी तिने बादली घेतली आणि काठी टेकत निघाली. तळ्याला वळसा, मग पाइनची राई, मग ओली जमीन. पायाखाली शेवाळ दबत होतं. कंबर बोलत होती, पण वाट पायांना पाठ होती. इथे एक मोठा दगड होता, त्यावर टाउनो हमखास बसायचा. बसायचा, रबरी बूट काढायचा, उलटा करून झटकायचा, पुन्हा घालायचा. पुढच्या दगडावर पुन्हा तेच. झाडाआडून बघताना इर्याला हसू आवरायचं नाही. बूट गळतात म्हणून तिने एका वाढदिवसाला त्याला नवे कोरे आणून दिले. पुढच्या उन्हाळ्यात पठ्ठ्या नवे बूटही झटकत बसला. खोड ती खोड, असं म्हणून तिने सोडून दिलं होतं.

राईच्या कडेला तिला मागून घसा खाकरल्याचा आवाज आला. यार्को. ही खाकरण्याची सवय बापाचीच.

इर्याचं डोकं फिरलं. सांगितलं होतं ना, मागे यायचं नाही म्हणून? एवढ्या वर्षांची टाउनोची राखण, आणि हा बेटा सकाळी उठून तिच्या शेपटासारखा मागे! तिने वाट सोडली. कमरेची पर्वा न करता विलोच्या झुडपांत शिरली, उलटा फेरा घेतला, चिखलातून गेली, धापा टाकत ओढ्यापाशी बाहेर पडली. मागे सगळं शांत झालं. हुकवलं पोराला. तिला विजयच झाल्यासारखं वाटलं.

मग तिने ओढ्याकडे पाहिलं.

पूर्वी इथे एकच ओंडका आडवा पडलेला असायचा. टाउनो हात पसरून त्यावरून जायचा. इर्याला ते कधी जमलं नाही. ती इथेच झाडामागे थांबायची आणि पलीकडे त्याची टोपी खालीवर होताना बघायची. आता तिथे दोन ओंडके होते, जोडून बसवलेले, वरून कुऱ्हाडीने सपाट केलेले. आणि डाव्या बाजूला कठडा. सोललेल्या काठ्यांचा, गाठी तासून गुळगुळीत केलेला कठडा.

तिने त्यावर हात ठेवला. तो नेमका तिच्या कमरेइतका होता. टाउनो ताडमाड उंच होता. त्याला इथे धरायचं तर वाकावं लागलं असतं. आणि दुखते ती तिच्याच कमरेची डावी बाजू.

गेल्या उन्हाळ्यात तो अर्धीच बादली घेऊन आला होता. हाताला राळ, टोपीवर भुसा. म्हणाला, यंदा पीक नाही. म्हातारपणी डोळेही गेले का रे तुझे, असं तिने त्याला टोचलं होतं. तो मिशीतल्या मिशीत हसला होता आणि म्हणाला होता, "पुढच्या वर्षी बघू." तिला वाटलं, पिकाचं बोलतोय.

त्याला माहीत होतं. पहिल्यापासून माहीत होतं. नाहीतर आदल्या दिवशी एवढं बजावून सांगतो कोण? बादल्या एवढ्या खणखणत नेतो कोण? आणि कोरडे बूट झटकत दगडादगडावर बसतो कोण? तो तिच्यासाठी थांबत होता. ती वाट चुकू नये म्हणून थांबत होता, आणि ती त्याला झाडामागून हसत होती. एकमेकांचं गुपित दोघांनाही ठाऊक होतं, आणि दोघंही एकमेकांच्या आनंदासाठी मूग गिळून बसली होती. एकदा, एकदाच जरी कुणी तोंड उघडलं असतं तरी दोघांनी पलीकडे शेजारी बसून हिल्ला वेचली असती. इर्या कठड्याला धरून रडली. मोठ्याने रडली, ऐकायला तिथे कोणी नव्हतं.

कोणी नव्हतं, ही गोष्ट तिला जरा वेळाने उमगली. पोराला तिनेच चिखलात हुकवलं होतं.

तिने डोळे पुसले. ओढ्याअलीकडच्या दगडापर्यंत मागे आली, टाउनोच्या दगडापर्यंत, आणि त्यावर बसली. बादली दगडावर आपटली. एकदा, मग आणखी एकदा, चांगली खणखणून. मग ऐकत राहिली. बऱ्याच वेळाने झुडपांत खसफस झाली, काटकी मोडली, आणि कुणीतरी घसा खाकरला, अगदी हळू.

इर्याने मागे वळून पाहिलं नाही. तिने डावा बूट काढला, उलटा धरला. त्यातून काहीच पडलं नाही. तिने तो दोनदा झटकला, सावकाश पायात घातला, आणि उठून कठड्याला धरून ओंडक्यांवरून पलीकडे चालायला लागली, मागच्याला नीट दिसेल इतकी हळू.