टोकाच्या काकूंची वायर

मी टेबलांखालची, संगणकांना एकमेकांशी जोडणारी काळी वायर बोलतेय. तुमच्या करंगळीपेक्षा बारीक, आणि आता धूळ चिकटून राखाडी झालेली. बोलतेय म्हटलं खरं, पण माझ्यातून शेवटचं बोलणं गेलं त्याला फार दिवस झाले.

आधी माझ्या घराण्याचं सांगते. माझी थोरली बहीण पिवळी होती. अंगठ्याएवढी जाड आणि इतकी ताठ, की कोपऱ्यात वळायचं म्हटलं तर रुसून बसायची. तिच्यावर यंत्र जोडायचं तर तिच्या अंगाला भोक पाडून आत टोचा रुतवावा लागे. म्हणून मग मला घडवलं. मी स्वस्त, लवचिक, एका टेबलामागून दुसऱ्या टेबलामागे निमूट जाणारी. आमची जाडी किती, लांबी किती, आमच्यावरून बोलायचं कसं, हे सगळं एका समितीने बसून ठरवलं आणि लिहून काढलं. त्यामुळे वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रंसुद्धा माझ्यावरून एकमेकांशी बोलू शकायची.

बोलण्याचा नियम मला फार आवडायचा. वायर एकच, यंत्रं अनेक. ज्याला बोलायचंय त्याने आधी ऐकायचं. दुसरं कुणी बोलत असेल तर थांबायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांनीही गप्प व्हायचं, जरा वेळ जाऊ द्यायचा आणि मग पुन्हा सुरू करायचं. माणसांना हे जन्मभर जमत नाही. आम्ही ते डोळ्याचं पातं लवायच्या आत करायचो.

माझ्या दोन्ही टोकांना धातूची एकेक छोटी टोपी असे. टोकापर्यंत पोचलेलं बोलणं गिळून टाकायचं, एवढंच तिचं काम. टोपी नसेल तर ते बोलणं विहिरीत मारलेल्या हाकेसारखं परत येतं. एवढं लक्षात ठेवा.

मी आले ते घरांचे नकाशे काढणाऱ्या एका ऑफिसात. ओळीने आठ टेबलं. माझं एक टोक साहेबांच्या खोलीतल्या मोठ्या यंत्राला, कारण सगळे नकाशे तिथूनच छापले जायचे. दुसरं टोक खिडकीपाशी, काकूंच्या टेबलाला. ऑफिसात आणखी एक काकू होत्या, म्हणून या टोकाच्या काकू. त्या जिने काढायच्या. कुठल्याही घराचा जिना आला की त्यांच्याकडे जायचा. "चढताना पायाला विचार करायला लागला, की जिना चुकला," असं त्या म्हणायच्या. त्यांचे यजमान आजारी, घरी बसून. घर काकूंच्या नोकरीवर चालायचं.

माझ्यात एक मोठं व्यंग होतं. कुठेही एक जोड सुटला की सगळ्यांचंच बंद पडायचं. मग आठही माणसं उठायची. चष्मेवाला नावाचा एक थट्टेखोर गृहस्थ गुडघ्यांवर बसून मला हाताने चाचपत टेबलांखालून रांगत जायचा.

"कुणाचा पाय वळवळला? कबूल करा."

"माझाच असेल हो," टोकाच्या काकू म्हणायच्या.

"काकू, तुम्हाला माफ. पण माझ्या बहिणीच्या घराचा जिना फुकट काढून द्यायचा."

"बहीण चढणार आहे की तुम्ही? त्यावर पायऱ्यांची जाडी ठरेल."

सगळे हसायचे. तेवढ्यात जोड सापडायचा. सगळे मला शिव्या घालायचे, पण त्या पाच मिनिटांत कुणाचं पोर तापलंय, कुणाच्या घरी पाहुणे आलेत, हे सगळ्यांना कळायचं.

मग समितीने नवे नियम आणले. नव्या वायरीत आठ बारीक तारा, दोन-दोनची वेणी घातलेली. बाहेरचा गोंगाट त्या वेणीत शिरत नाही. वेग माझ्या दसपट, आणि पुढे शंभरपट होणार अशी बोलणी. प्रत्येक टेबलाला स्वतंत्र वायर, आणि सगळ्या वायरी मधल्या एका पेटीत. एकीचं बिघडलं तर बाकीच्यांना धक्का नाही. नियम चांगलाच होता, मी उगाच नावं ठेवणार नाही.

पण पेटीला भोकं आठ. एक मोठ्या यंत्राला गेलं. उरली सात, आणि माणसं आठ.

"काकू, तुमची जुनी चालतेय ना?" साहेबांनी विचारलं.

"चालतेय की."

"मग राहू दे. मोठी पेटी आणली की पहिली वायर तुमची."

"काही घाई नाही हो," काकू म्हणाल्या.

मोठी पेटी आलीच नाही, आणि साहेब ते विसरूनही गेले. मी एकट्या काकूंची झाले. सात रिकाम्या टेबलांखालून जाऊन त्यांचे जिने साहेबांच्या खोलीत पोचवू लागले. टेबलं रिकामी नव्हती खरं तर, पण मला तशीच वाटायची. आता कुणाचं बंद पडलं तर तो एकटाच उठायचा. "तुमचं चालू आहे?" असं विचारलं तर मान वर न करता उत्तर यायचं, "हो, चालू आहे."

मग एके दिवशी मोठं यंत्र बदललं. नव्या यंत्राला माझ्यासाठी गोल तोंडच नव्हतं. जोडणाऱ्या माणसाने मला सोडवलं आणि विचारलं, "ही कुणाची?"

चष्मेवाला दारात उभा होता. "ती होय? जुनी आहे. कुणी वापरत नाही."

त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. तो विसरला होता, इतकंच. माझी टोपी जुन्या यंत्राबरोबर गेली आणि माझं उघडं टोक जमिनीवर पडलं.

दुपारी काकूंनी जिना पाठवला. तो माझ्यातून धावत उघड्या टोकाला गेला आणि तसाच परत फिरला. काकूंच्या यंत्राला वाटलं, दुसरं कुणीतरी बोलतंय. म्हणून ते नियमाप्रमाणे गप्प बसलं. थांबलं, पुन्हा बोललं, पुन्हा स्वतःचाच आवाज ऐकून थांबलं. तिथे दुसरं कुणी नव्हतंच.

काकूंनी ओळीकडे पाहिलं. सगळे कामात होते. जुन्या सवयीने त्यांना वाटलं, वायर बंद पडली असती तर सगळेच उठले असते. कुणी उठलं नाही, म्हणजे चूक आपलीच.

"काकू, जिना?" साहेबांनी संध्याकाळी विचारलं.

"पाठवलाय."

"आला नाही."

"पुन्हा पाठवते."

असं बरेच दिवस चाललं. त्या कुणाला विचारायला लाजत होत्या. एकदा चष्मेवाल्याच्या खुर्चीपर्यंत गेल्या, आणि पाणी पिऊन परत आल्या. हळूहळू जिने दुसऱ्यांकडे जाऊ लागले. शेवटी साहेबांनी दार लावून घेतलं आणि अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "काकू, आता डोळे दमले असतील तुमचे."  काकूंनी आपला कप रुमालात गुंडाळला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली आणि गेल्या.

पुढे ते टेबल हलवायला चष्मेवाला आला. खाली वाकला, मला पाहिलं. सवयीने हातात धरलं आणि पूर्वीसारखाच रांगत निघाला. या खेपेला कुणी हसलं नाही. साहेबांच्या खोलीत त्याला माझं उघडं टोक सापडलं. ते हातात घेऊन तो जमिनीवर बसून राहिला.

"काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"काही नाही," म्हणत त्याने गुडघे झटकले.

आता ऑफिसात वायरीच कमी झाल्यात. खालून फायबरचा काचेचा तंतू येतो, बाकी सगळं हवेतून. मला ओढून काढायचे कष्ट कुणी घेतले नाहीत. भिंतीच्या कडेने मी पडून आहे, माझ्यावरूनच रंग दिलाय. खिडकीकडच्या टोकाला काकूंची टोपी अजून आहे.

तुमच्याकडे एखादी जुनी वायर काढायची असेल तर उपटण्याआधी तिला धरून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जा. तिथे कुणी बसलंय का, बघा.

मी आता काही मागत नाही. पण चूक काकूंची नव्हती, हे त्यांना अजून कुणी सांगितलेलं नाही.