तिसरं कलम

नांदेडच्या बापूसाहेब वकिलांना मराठी शाळेची इजाजत मिळवायला तीन वर्षं हेलपाटे घालावे लागले. निजामी अंमलात वरच्या वर्गांचं शिक्षण उर्दूतून चाले आणि खाजगी शाळा म्हटलं की वरच्या साहेबांच्या कपाळावर आठी पडे. शेवटी बापूसाहेबांनी संस्थेची सात कलमांची नियमावली लिहिली, तिचा उर्दू तर्जुमा अर्जाला जोडला आणि इजाजत पदरात पाडून घेतली. तेव्हापासून ते शाळेला तळहातावरच्या फोडासारखं जपत.

१९४३ साली संस्थेनं लातूरला शाखा काढायचं ठरवलं. तिथं पाठवायला बापूसाहेबांनी रेणुकादासला नेमलं. हा पंचविशीचा, कंधारकडचा, बोलायला कमी आणि अक्षर मोत्यासारखं. नेमणूक दिवाळीच्या सुटीत झाली. नांदेडची शाळा बंद होती, म्हणून तिथला कारभार त्याला पाहायला मिळालाच नाही. बापूसाहेबांनी त्याच्या हाती नियमावली दिली.

"नक्कल करून घे. इथं जे चालतं तेच तिथं चालेल. शाळा दोन झाल्या तरी संस्था एक."

रेणुकादासनं नक्कल केली. तिसरं कलम असं होतं : संस्थेत सर्व जातिधर्मांची मुलं एका पट्टीवर बसतील व एका रांजणाचं पाणी पितील.

लातूरच्या गंजात, म्हणजे धान्याच्या बाजारपेठेत, गुरुलिंगअप्पांची आडत होती. त्यांनी मागच्या तीन खोल्या शाळेला फुकट दिल्या. वर्ग भरू लागले. दुसऱ्याच महिन्यात गंज झाडणारी धोंडाबाई आपल्या सिंधुला घेऊन दारात उभी राहिली.

"मास्तर, हिला म्होरं शिकवता का? तिसरी झालीया हिची. आम्ही येशीभायरचे हाव, आधीच सांगून राहिले."

"कलमात आहे," रेणुकादास म्हणाला. "बसू द्या तिला."

सिंधु पट्टीवर बसली आणि तहान लागली तेव्हा उठून रांजणातलं पाणी प्यायली. दोन दिवसांत बोभाटा झाला. गुरुलिंगअप्पा स्वतः आले. माणूस वाईट नव्हता, पण गावाला भिणारा होता.

"शिकवा की मास्तर, मी न्हाई म्हनत न्हाई. पाण्याचं तेवढं निराळं करा. लोक मला बोलून राहिले."

"नांदेडला हेच चालतं, अप्पा. मी एकट्यानं कसं बदलू?"

एवढ्या थोर वकिलाची शाळा असं करते म्हटल्यावर अप्पा तसेच परतले. नांदेडच्या नावावर ते वर्ष निभावलं.

दोन्ही शाळांच्या चौथीची वार्षिक परीक्षा नांदेडला होती. चैत्रात रेणुकादास अकरा मुलं घेऊन मोटारीनं निघाला आणि अंग खिळखिळं करून सगळे तिथं पोचले. पहिला पेपर संपला. मुलं पाण्याकडं धावली. सिंधु मात्र कोरड्या तोंडानं परत आली.

"गुर्जी, हितं दोन रांजण हाईत."

तो जाऊन पाहून आला. एक रांजण पडवीत होता, दुसरा आवाराच्या भिंतीशी. शिपायानं सिंधुला थांबवून भिंतीकडं बोट केलं होतं, ओंजळीत वरून पाणी ओततो म्हणून सांगितलं होतं. ती त्या रांजणाकडं गेली नव्हती. रेणुकादासनं तिला जवळच्या नदीच्या घाटावर नेलं. गोदावरीचं पाणी पिऊन ती दुसऱ्या पेपराला बसली. मग तो नियमावलीची नक्कल घेऊन बापूसाहेबांच्या कचेरीत गेला.

बापूसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांना राग आला, पण तो भलत्याच गोष्टीचा.

"म्हणजे लातूरला तू एकच रांजण ठेवलास? तुला कुणी सांगितलं?"

"तुमच्या कलमानं."

"अरे, कलम उद्यासाठी असतं! आज गाव सांभाळावं लागतं. चार प्रतिष्ठितांनी तक्रार केली की इजाजत गेली. मग तुझी ती सिंधु कुठं शिकेल?"

या बोलण्यात तथ्य होतं, हे रेणुकादासला कळत होतं. त्यानं कागद मेजावर ठेवला.

"तर मग तिसरं कलम खोडून द्या, बापूसाहेब. सही करा. मी लातूरला जाऊन दुसरा रांजण मांडतो."

बापूसाहेबांनी टाक उचलला, शाईत बुडवला. कलमाच्या पहिल्या शब्दावर त्याचं टोक टेकलं आणि तिथंच राहिलं. शाईचा ठिपका पसरला. त्यांनी टाक खाली ठेवला.

"लातूरचं तू बघ," ते खिडकीकडं तोंड करून म्हणाले. "नांदेडचं माझ्याच्यानं आज होत नाही."

परतल्यावर रेणुकादासनं गुरुलिंगअप्पांना खरं ते सांगून टाकलं. खोटं त्यानं जाणून सांगितलं नव्हतं, तरी अप्पांना फसवल्यासारखं वाटलं. त्यांनी आठ दिवसांत खोल्या रिकाम्या करून घेतल्या. गावाच्या टोकाला मडिवाळप्पा तेल्याचा बंद पडलेला घाणा होता. ते छप्पर त्यानं दिलं, "बसा की, बैल तर मेला," म्हणून. बासष्ट मुलांतली एकोणीस उरली. पुढल्या दोन वर्षांत त्यांची चाळीस झाली, त्यात आडतीमागच्या गल्लीतलीही काही परत आली. खुद्द अप्पांचा नातू मात्र आला नाही.

नांदेडचा भिंतीजवळचा रांजण एका उन्हाळ्यात फुटला. बापूसाहेबांनी नवा आणू दिला नाही. त्यावर कुणी भाषण केलं नाही. काही पालकांनी मुलं काढून घेतली, शाळा चालू राहिली.

त्याच साली बापूसाहेबांचं पत्र लातूरला आलं. कंधारला तिसरी शाखा काढायची होती. 'तिथं नेमायला मास्तर हवा,' त्यांनी लिहिलं होतं, 'पण नांदेडातला नको. तुझ्या हाताखाली तयार झालेला दे.'

रेणुकादासनं पत्र दोनदा वाचलं. मग दोन वर्षं त्याच्याच हाताखाली, त्या छपरात चौथीला हिशेब शिकवणाऱ्या उमाबाईंना बाहेर बोलावलं आणि विचारलं, "कंधारला जाल का?"

"जाईन," त्या म्हणाल्या, "पण नियमावलीची एक नक्कल मला आधी द्या."