लाल दोऱ्याची खुर्ची

कारखान्याच्या भांडारात जी वस्तू वर्षभर कुणी मागायला येत नाही, तिला लाल दोरा बांधतात. दोरा बांधला की तिचे दिवस भरत आले म्हणायचे. पुढच्या मोजणीपर्यंत कुणी हात लावला तर दोरा सुटतो, नाही तर वस्तू दुसऱ्या कारखान्यात जाते किंवा भंगारात. हे काम ज्यांच्याकडे होतं, त्यांना त्या राहत त्या इमारतीत सगळे स्टोअरबाई म्हणत. नाव चिडवायला म्हणून पडलं होतं, पण बाईंना ते आवडलं. त्यामुळे चिडवण्यातली मजा गेली आणि नाव तेवढं राहिलं.

कचऱ्याचं वेड त्यांना कारखान्यामागचा भंगाराचा डोंगर बघून लागलं. आधी ओला आणि सुका कचरा वेगळा झाला. मग शॉवर बंद होऊन बादली आली, भाज्या धुतलेलं पाणी झाडांना जाऊ लागलं. बाजारात जाताना कापडी पिशवी विसरली, तर बाई कोबी छातीशी कवटाळून भर रस्त्यातून घरी येत. नवऱ्याला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण दहावा दिवस उजाडला, त्याच्या पुढचेही उजाडले, आणि नवऱ्यानं मुकाट्यानं बादली उचलली.

उन्हाळा सुरू होताना बाईंनी लाल दोऱ्याचं रीळ घरी आणलं. रोजच्या वापरात नाही अशा प्रत्येक वस्तूला दोरा बांधायचा. वस्तू वापरली की दोरा सोडायचा. थंडी पडेपर्यंत जिचा दोरा सुटला नाही, ती ज्याला उपयोगी पडेल त्याला देऊन टाकायची. "आपल्याकडे जी वस्तू पडून असते, ती कुणाला तरी नवीन घ्यावी लागते," बाई म्हणत, "म्हणजे आपण न वापरता कारखाने चालवतो." नवऱ्याच्या डंबेल्सना दोरा बांधला गेला, तेव्हा त्यानं एक डंबेल एकदाच वर उचलला, मोठ्यानं श्वास सोडला आणि दोरा सोडून टाकला. बाईंनी नुसतं बघितलं. नियम म्हणजे नियम, वापर तर झाला होता.

घरात तिसरं माणूस होतं ते म्हणजे सासरे, आप्पा. पण ते तेव्हा घरी नव्हते. दोऱ्याचं रीळ यायच्या थोडं आधीच ते न्हाणीघरात पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं. इमारतीला लिफ्ट नाही आणि घर चौथ्या मजल्यावर. "जिने आता विसरा," डॉक्टर म्हणाले. मग लेकीनं त्यांना आपल्या घरी नेलं. तिचं घर तळमजल्यावर होतं.

आप्पांनी नोकरीची सगळी वर्षं बसमध्ये कंडक्टर म्हणून काढली, म्हणजे उभ्यानंच काढली. निवृत्त झाल्यावर त्यांनी स्वतःसाठी एकच वस्तू घेतली, ती म्हणजे एक खुर्ची. लाकडी, हातांची, वेताची बैठक असलेली. ती खिडकीशी असे. तिच्यावर घरात दुसरं कुणी बसत नसे. तसं कुणी बजावलं नव्हतं, पण सून म्हणून आल्यापासून बाईंनीही कधी तिच्यावर टेकलं नव्हतं, आणि पाहुणा चुकून तिकडे वळला तर त्याला गोड बोलून सोफ्याकडे वळवलं जाई.

तर दोरे बांधताना खुर्चीलाही दोरा बांधला गेला. आप्पांची छत्री, आप्पांचा रेडिओ, आप्पांचा दाढीचा आरसा, सगळ्यांना बांधला गेला. छत्रीचा दोरा नवऱ्याकडून सुटला, रेडिओचाही सुटला. खुर्चीचा सुटणार कसा? तिच्यावर मानापोटी कुणी बसतच नव्हतं. ज्यानं बसायचं तो माणूस दुसऱ्या घरी काठी धरून चालायला शिकत होता.

थंडी पडली. तोवर इमारतीतल्या बऱ्याच बायकांनी बाईंचं बघून आपापल्या घरी दोरे बांधले होते, आणि वस्तू काढायच्या दिवशी त्या बाईंच्या दारात जमल्या. दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनींनी सकाळीच आपल्या आईचं शिवणयंत्र देऊन टाकलं होतं. देताना त्या रडल्या होत्या, आणि बाई त्यांना म्हणाल्या होत्या, "आठवण मनात असते, वहिनी. यंत्र चालू दे कुणाकडे तरी." आता वहिनी लाल डोळ्यांनी दारात उभ्या होत्या, आणि बाई खुर्चीपाशी. वेताच्या बैठकीवर लाल दोरा जसाच्या तसा होता.

बाई थांबल्या. पण लोकां सांगे ब्रह्मज्ञान असं त्यांना स्वतःबद्दल कुणी म्हटलेलं चाललं नसतं. आणि खरं सांगायचं तर तेवढंच कारण नव्हतं. डॉक्टर जिने विसरा म्हणाले, तेव्हा बाईंनी जिन्यांबरोबर आणखीही काही विसरायला घेतलं होतं. कोपऱ्यावरच्या सलूनमध्ये थांबलेल्या गिऱ्हाइकांना बसायला एक मोडकं स्टूल होतं. खुर्ची तिकडे गेली.

त्यानंतर काही आठवड्यांनी नणंदेचा फोन आला. "आप्पा ऐकत नाहीत. जिना चढून दाखवलाय त्यांनी डॉक्टरांना. उद्या आणून सोडते."

आप्पा आले. प्रत्येक मजल्यावर पायरीवर बसत, उठत, कठड्याला धरत आले. दारातून आत आल्यावर त्यांनी पहिल्यांदा खिडकीकडे बघितलं. तिथे आता ओल्या कचऱ्याचं खत करायचा मोठा डबा होता.

बाईंनी एका दमात सगळं सांगून टाकलं. दोरा, नियम, सलून, मोडकं स्टूल. आप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बरं केलंस," ते म्हणाले. "वस्तू वापरात असलेली बरी." मग डब्याचं झाकण उचलून त्यांनी आत डोकावलं. "वास नाही येत गं. छान आहे."

रागावले असते तर बरं झालं असतं. बाईंना रागाचं उत्तर देता येत होतं. पण आप्पा रागावले नाहीत. त्यांनी बॅग उघडली, त्यातून टॉवेल आणि कपड्यांचा एक जोड काढला आणि बॅग पुन्हा बंद करून कॉटखाली सरकवली. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही तसंच. एकच कप घ्यायचा आणि तो लगेच विसळून ठेवायचा. आपलं ताट आपणच धुवायचं, तेही वाटीभर पाण्यात. सोफ्यावर बसायचे ते कडेला, आणि कुणी खोलीत आलं की उठून उभे राहायचे. इमारतीतल्या बायकांना त्यांचं कोण कौतुक. "आप्पांकडून शिकावं," त्या म्हणत. "किती कमी लागतं त्यांना."

बाईंना ते कौतुक गिळवत नव्हतं. त्या ज्या राहणीसाठी एवढं जिवाचं रान करत होत्या, ती राहणी त्यांच्या डोळ्यांसमोर चालती-बोलती होती, आणि ती बघवत नव्हती. पाहुणा म्हणून आलेलं माणूस असंच वागतं.

एका संध्याकाळी त्या झाडांना पाणी घालत होत्या. आत आप्पा फोनवर बोलत होते. "हो, तुझ्याकडेच येतो," ते लेकीला सांगत होते. "नाही गं, कुणी काही बोललं नाही. चांगलंच वागवतात. पण इथे माझं काही काम नाही. पुढच्या महिन्यात ये न्यायला."

बादलीतलं पाणी कुंडीबाहेर सांडत राहिलं, आणि पाण्याच्या थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या बाईंना ते कळलंही नाही. आप्पांनी जाऊ नये असं त्यांना फार वाटत होतं. लग्न होऊन आल्या तेव्हा नोकरी सोडू नकोस म्हणणारं घरातलं पहिलं माणूस आप्पाच होते. बाईंची रात्रपाळी असे तेव्हा आप्पा बसस्टॉपवर न्यायला येत आणि घरी पोचेपर्यंत जगातल्या सगळ्या विसरभोळ्या प्रवाशांचे किस्से सांगत. सख्ख्या वडिलांशी बाईंचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं.

"मग थांबव ना त्यांना," नवरा म्हणाला.

"कुठे बसवून थांबवू?" बाई म्हणाल्या. "खताच्या डब्यावर?"

नवऱ्याचंही चुकलं होतंच. डंबेल वाचवायला त्याला सुचलं होतं, बापाची खुर्ची वाचवायला सुचलं नव्हतं.

आप्पा रोज सकाळी काठी घेऊन बाहेर पडत. डॉक्टरांनी चालायला सांगितलंय, असं सांगून जात आणि जेवणाच्या वेळेला परत येत. सुटीच्या दिवशी बाई साबण आणायला म्हणून कोपऱ्यावर गेल्या, आणि सलूनच्या काचेतून त्यांना आप्पा दिसले. ते आपल्या खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होते. पाठ टेकलेली, पाय सैल सोडलेले. घरी परत आल्यापासून बाईंनी त्यांना असं बसलेलं बघितलं नव्हतं.

तेवढ्यात एक गिऱ्हाईक आत शिरलं. आप्पा चटकन उठले, खुर्ची त्याला दिली आणि भिंतीशी जाऊन उभे राहिले. एक हात वर खुंटीला धरलेला, बसमध्ये दांडा धरतात तसा. गिऱ्हाइकाचा नंबर लागला, तसे ते पुन्हा येऊन बसले. दुसरं आलं, पुन्हा उठले. बाई रस्त्याच्या पलीकडे उभ्या राहून बघत होत्या. एवढ्या उठाबशा तर डॉक्टरांनीही सांगितल्या नव्हत्या.

आप्पा घरी गेल्यावर बाई सलूनमध्ये शिरल्या. "दादा, ही खुर्ची परत हवी होती."

सलूनवाल्यानं कात्री खाली ठेवली. "वहिनी, तुमचीच आहे, न्या की. पण आप्पांनी मला सांगून ठेवलंय. सून मागायला आली तर देऊ नका म्हणाले."

"का?"

"म्हणाले, इथे दिवसभर दहा माणसं बसतात. घरी मी एकटाच बसणार."

शब्द बाईंचेच होते. इमारतीतल्या बायका गच्चीवर जमत, तेव्हा हेच त्यांनी त्यांना कितीदा तरी ऐकवलं होतं. ऐकवताना त्यात 'एकटाच' म्हणून कुणी माणूस असेल, हे डोक्यात आलं नव्हतं.

तिथून त्या फर्निचरच्या दुकानात गेल्या आणि एक नवी कोरी खुर्ची घेतली. जुन्या बाजारात शोधायची म्हटली तर पुढचा महिना उजाडला असता. खुर्चीला वरपासून खालपर्यंत प्लास्टिक गुंडाळलेलं, चारही पायांना थर्माकोलच्या टोप्या. ती टेम्पोतून उतरली, तेव्हा इमारतीतल्या निम्म्या बायका खिडकीत होत्या. बाईंनी मान खाली घातली नाही. त्यांना लाज वाटत होती, पण या खुर्चीची नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या नवऱ्याला घेऊन सलूनमध्ये पोचल्या. नवऱ्यानं नवी खुर्ची मधोमध ठेवली. आप्पा आपल्या खुर्चीतून उठून उभे राहिले.

"ही कुणाला?"

"सलूनला," बाई म्हणाल्या.

"नवीन?"

"नवीन."

आप्पांनी प्लास्टिकवरून बोट फिरवलं. "तुझ्या नियमात बसतं का हे?"

"नाही बसत."

"मग कशाला हा खर्च, हा कचरा? इथे चाललं होतं ना बरं. मला काय, मी कुठेही..."

"तुम्ही कुठेही बसू नका," बाई म्हणाल्या. आवाज जरा चढलाच. सलूनवाला उगीचच कंगवे पुसू लागला. "तुम्ही घरी बसा, आप्पा. एकटेच बसा. त्याच्यासाठीच तुमची जुनी हवीय."

आप्पांनी मुलाकडे बघितलं. मुलानं जुनी खुर्ची उचलून खांद्यावर घेतली होती.

चार मजले चढायचे होते. पहिल्या मजल्यावर नवऱ्याला धाप लागली. त्यानं खुर्ची खाली ठेवली, आणि आप्पांनाही दम लागला होता म्हणून ते तिच्यावर बसले. मग तसंच ठरलं. प्रत्येक मजल्यावर खुर्ची टेकवायची, आप्पांनी बसायचं, दम खायचा, उठायचं.

दुसऱ्या मजल्यावर वहिनींनी दार उघडलं. "अहो, ही तर तुम्ही देऊन टाकली होती ना?"

"हो," बाई म्हणाल्या. "माझं चुकलं होतं."

वहिनी खुर्चीकडे बराच वेळ बघत राहिल्या. मग आत गेल्या.

तिसऱ्या मजल्यावर खुर्ची ठेवून नवरा दार उघडायला पुढे गेला. आप्पा बसले होते. बाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. हे आता नाही बोललं तर पुन्हा बोलणं होणार नाही, असं त्यांना वाटलं.

"आप्पा, दोरा वगैरे ठीक आहे," त्या म्हणाल्या. "पण मला वाटलं होतं, तुम्ही परत येणार नाही."

आप्पांनी खुर्चीच्या हातावरची धूळ तळव्यानं पुसली.

"मलाही तसंच वाटलं होतं," ते म्हणाले. "लेकीकडे जाताना म्हणूनच या खुर्चीकडे बघितलं नव्हतं मी."

बाई पायरीवर बसल्या. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते येऊ दिलं. खालून कुणीतरी जिना चढत येत होतं. पावलं जवळ आली, एक माणूस पिशवी सावरत वर आला आणि दोघांच्या मधून अंग चोरत पुढे गेला. आप्पा उठले नाहीत.