लवूची तसबीर

"वयनी, हसताना लवूचो खंयचो डोळो बारीक व्हायचो?" सीतारामने विचारलं.

तांदूळ निवडणारे गंगूबाईचे हात थांबले. "डावो," ती म्हणाली. "नि दात दाखवीत नसत. वरचो एक पडललो मा."

लवू, तिचा नवरा, छप्पन सालच्या जानेवारीतल्या गोळीबारात गेला. संयुक्त महाराष्ट्रासाठी सगळं गिरणगाव रस्त्यावर उतरलं होतं, पण लवू मोर्चात नव्हताच. पहिली पाळी सुटल्यावर लालबागला घरी येत होता, तेवढ्यात मानेत गोळी लागली. घरात त्याचा एकही फोटो नव्हता. म्हणून गंगूबाईने शेजारच्या खोलीतल्या सीताराम चितारीला गळ घातली.

सीताराम सावंतवाडीच्या चितारआळीतला. बाप लाकडी फळं रंगवायचा. आंबा रंगवायचा तर आधी खरा आंबा हातात धरून बस, तो हाताइतका ऊबदार होईस्तोवर, ही त्याची शिकवण. मुंबईत एवढा दम कुणाला होता? गिरगावातल्या नाटक मंडळ्यांसाठी सीतारामने वीस वर्षं पडद्यांवर राजवाडे, राजे नि जंगलं रंगवली, दुकानांच्या पाट्या रंगवल्या. ओळखीच्या माणसाचं चित्र कधी काढलंच नाही. लवूबरोबर तर त्याने पंधरा वर्षं एकाच नळावर दात घासले होते.

या चित्राला त्याने दोन महिने घेतले. आधी कान काढले; माणूस तोंड बदलतो, कान बदलत नाही, असं बाप म्हणायचा. लवूचा सदरा मांडीवर घेऊन तो तासन्‌तास बसे. सदऱ्याला अजून गिरणीच्या तेलाचा वास होता. रोज कोळशाने एक चेहरा काढायचा, गंगूबाईला दाखवायचा. ती "नाय" म्हणाली की पुसायचा. मग रंग चढले. एका सकाळी ती दारात आली, चित्राकडे बघत सहज म्हणाली, "चाय ठेवू काय?" आणि मटकन खाली बसली.

आयुष्यात पहिल्यांदाच सीतारामला आपण चित्रकार आहोत असं वाटलं.

चौथ्या दिवशी नाक्यावरच्या मंडळाचा जगदीश आला. हुतात्म्यांच्या सभेत व्यासपीठावर त्याला तसबीर लावायची होती.

"हात चांगलाय तुमचा, सीतारामभाऊ. पण हुतात्मा असा दिसतो काय? हा तर बिडी पिऊन आल्यासारखा दिसतो."

"तो असाच होता."

"असेल. पण पब्लिकला काय दाखवायचं? दोन्ही डोळे उघडे करा. छाती पुढे, मूठ वर. आणि खाली तुमचं नाव घाला, चांगलं ठळक. हजारो माणसं बघतील."

सीतारामच्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. पण वीस वर्षांत त्याचं नाव कुठल्याच पडद्यावर आलं नव्हतं. त्याने कुंचला उचलला. आधीच्या चेहऱ्यावरच नवा चेहरा चढला, तोही दोन दिवसांत. नाटकातले राजे काढून काढून हाताला सवय झाली होती. विचार करावाच लागला नाही.

सभेत गंगूबाईला पुढे बसवलं होतं. पडदा सरला तेव्हा ती गोंधळून आजूबाजूला बघू लागली. सगळे हात जोडत होते, तिनेही जोडले. हारांखाली सीतारामचं नाव झाकून गेलं होतं.

मग चार वर्षं ती तसबीर प्रत्येक मोर्चात फिरली. साठ साली महाराष्ट्र झाला, कमानी उभ्या राहिल्या. त्या गर्दीतून परत आल्यावर सीताराम कागद घेऊन बसला. आता खरा लवू काढायचा, कुणाला न दाखवता. कान जमले. पुढे काहीच जमेना. दर वेळी कोळशाखालून तोच उघड्या डोळ्यांचा, ताठ मानेचा माणूस वर येई. आठ दिवस त्याने घासघास केली, शेवटी कागद फाटला.

तो गंगूबाईकडे गेला. ती शेगडीवर भाकरी भाजत होती.

"वयनी, माका लवू आठवणा नाय. जरा सांगा. तुमच्याशिवाय कोण सांगतला?"

तिने भाकरी परतली.

"डोळे मिटलंय तरी माका पण आता ते तसबिरीतलेच दिसतत, भावजीनू," ती म्हणाली. "सुरवातीक रडू येय. आता येणा नाय."

सीताराम उठला. हातातला कोळसा त्याने जाता जाता तिच्या शेगडीत टाकला.