नाक्यावरचं बाकडं

दीनानाथ गुरुजी नदीच्या घाटावर पाय घसरून पडले, आणि तेव्हापासून त्यांना मांडी घालून बसणं जमेना. उभा जन्म ज्यांनी सतरंजीवर बसून पोरांकडून पाढे घोकून घेतले, त्यांना जमिनीवरून उठवायला आता दोन माणसं लागत. दिवसभर आत खाटेवर पडून राहायचं त्यांच्या जिवावर येई. त्यांना ओसरी हवी, रस्ता हवा, येणाऱ्या-जाणाऱ्याची चाहूल हवी. त्यांचा मुलगा गंगाधर भोर संस्थानच्या कचेरीत कारकून होता. पुणे-सातारा रस्त्यावरचा एक जुना टोलनाका मोडला आणि तिथलं सामान विकायला काढलंय, असं त्याच्या कानावर आलं. एका शनिवारी तो बैलगाडीत बाकडं घालून घेऊनच आला.

बाकडं सागवानी होतं, ऐसपैस, टेकायला पाठ आणि दोन्ही टोकांना हात ठेवायला गोल दांडे. रंग मात्र निळा, जाडजूड, जागोजाग पोपडे सुटलेला. पहिल्याच दिवशी गुरुजींच्या धोतराला निळ्या कपच्या चिकटल्या. गंगाधरची बायको पद्मजा त्या झटकता झटकता म्हणाली, "मामंजी, हा रंग काढून टाकायला हवा. खाली लाकूड चांगलं दिसतंय."

"काढ की," गुरुजी म्हणाले. "पण आधी पाहुण्यांना पाणी दे."

"कोण पाहुणे?"

गुरुजी उजव्या टोकाला दांड्यावर रेलून बसले होते. त्यांनी डाव्या टोकाकडे मान वळवली. "या बाई बसल्यात ना. मघापासून बसल्यात. काही बोलत नाहीत."

डाव्या टोकाला कुणी नव्हतं. गुरुजींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. खांबाची सावली त्यांना माणूस वाटली असेल, असं पद्मजाला वाटलं. म्हाताऱ्या माणसाला खोटं कशाला पाडा, म्हणून तिने पाण्याचा तांब्या आणला आणि डाव्या टोकाला ठेवायला वाकली. तोल सावरायला तिने फळीवर हात टेकला.

पौषाचे दिवस. सकाळची थंडी अशी की तांब्याला हात लावला तरी बोटं आखडत. ओसरी पश्चिमेकडची, तिथे दुपार कलल्याशिवाय ऊन येत नसे. आणि फळी ऊन होती. तापलेली नव्हे, नुकतंच कुणी उठून गेल्यावर गादी लागावी तशी ऊन. तिने हात जरा पुढे सरकवला. फळी गार. मागे आणला. ऊन.

संध्याकाळी तिने नवऱ्याला सांगितलं. गंगाधरने येऊन हात लावून पाहिला आणि म्हणाला, "लाकूड आहे, ऊन धरून ठेवतं."

"सकाळी कुठलं ऊन?"

"मग असेल काहीतरी." तो टोपी खुंटीला अडकवून पाय धुवायला गेला. पण जाताना त्याने तो हात धोतराला पुसला, हे पद्मजाने पाहिलं.

दुसऱ्या दिवशी बाकडं परसात नेलं. पद्मजाचे वडील माहेरी दर दिवाळीआधी देव्हारा स्वतः खरवडून त्याला तेल देत, तेव्हा ती त्यांच्याजवळ बसून ते काम शिकली होती. मदतीला साळूबाई होत्या. साळूबाई त्याच पुणे-सातारा रस्त्यावरच्या कामथडीच्या आतल्या अंगाच्या एका वाडीतल्या. सुगी झाली की त्या भोरात भावाकडे येऊन चार घरची धुणीभांडी करत आणि पावसाच्या तोंडावर नवऱ्याकडे, चिमाजीकडे, शेतावर परत जात. बाई कामाला वाघ, बोलायला कमी.

धुण्याचा सोडा आणि चुना कालवून पद्मजाने त्याचा लेप बाकड्यावर थापला. लेपाने रंग फुगला, मऊ पडला, की दोघी काचेच्या तुकड्यांनी तो खरवडत. निळ्याखाली राखी रंग निघाला. डावं टोक पद्मजाने मुद्दाम मागे ठेवलं होतं, आणि मागे ठेवल्याची तिला लाज वाटत होती. शेवटी लेप लावण्याआधी ती तिथे खाली वाकली, तेव्हा तिला निळ्या रंगावर उठलेले ठसे दिसले. बारीक उभ्या-आडव्या रेघा. रंग ओला असताना कुणी जाडंभरडं लुगडं नेसून वर बसावं, आणि कापडाची वीण रंगात उमटावी, तशा.

"कुणीतरी ओल्या रंगावर बसलेलं दिसतंय," ती म्हणाली.

साळूबाईंनी नुसतं पाहिलं. त्यांची काच थांबली, मग परत चालू झाली.

राखी रंग काढताना त्या टोकाला रंगात रुतलेले दोरे निघाले. चिमूटभर, हिरवे. राखीखाली तांबडा रंग होता, त्यातही दोरे होते. तेच हिरवे. पद्मजाने ते तळहातावर घेऊन साळूबाईंपुढे धरले. साळूबाईंनी हातातली काच खाली ठेवली, पदराने हात पुसले आणि त्या भिंतीला टेकून बसल्या.

"वैनी, ह्ये बाकडं कुठलं म्हनलात?"

"रस्त्यावरच्या नाक्यावरचं. का हो?"

"ह्यो तांबडा रंग म्या घासलेट लावून काडलाय," साळूबाई म्हणाल्या. "लुगड्यावरचा. न्हाईच निघाला समदा."

मग त्या सांगत गेल्या. त्यांचा थोरला दीर मानसिंग लढाईला गेला, मोठ्या लढाईला, समुद्रापल्याड. त्याची बायको सगुणाबाई त्याला नाक्यापर्यंत पोचवायला गेली होती. दोघं या बाकड्यावर खटारा येईपर्यंत बसली. चढताना तो म्हणाला, आलो की हितंच उतरीन. एवढंच म्हणाला. सुरुवातीला सगुणाबाई बाजाराच्या दिवशी जाऊन बसत. मग दिवसाआड. मग रोज. भाकरी बांधून सकाळी जायचं, दिवस मावळायला परतायचं.

"मानसिंगरावांचं काही कळलं नाही?"

"न्हाई. मेल्याचं न्हाई, जित्याचं न्हाई. त्येच्यासंगं गेल्यालं कुनी माघारी आलं न्हाई की इचारावं. सासूनं लई समजावलं. म्या बी समजावलं. आक्का म्हनायची, ते उतरतील आन् म्या नसंन, तर त्यास्नी काय वाटंल."

नाक्यावरच्या लोकांना रोज तिथे बसणारी बाई नकोशी झाली. ऊठ म्हटलं तर उठायची, ते आत गेले की पुन्हा बसायची. मग कुणाला तरी युक्ती सुचली. बाकड्याला रंग द्यायचा. ओला रंग असला की बसणार कशी?

"बसली?"

"बसली की. तांबड्यावर बसली. पुढं राखी दिला, त्येच्यावर बी बसली. लोक हसायचे. घरला आली की म्या लुगडं धूत बसायची. ती काई बोलायची न्हाई. दुसऱ्या दिशी त्येच लुगडं नेसून परत." साळूबाईंनी पदर तोंडाशी धरला. "मानमोडीची साथ आली त्या साली गेली. हितंच. बसल्या बसल्या. गावात दर घरी मानूस पडल्यालं, उचलायला कोन येनार. तिकडंच नदीला नेऊन अग्नी दिला. घरला आनलीच न्हाई तिला."

परसातल्या पेरूवर पोपट ओरडत होते. पद्मजाने विचारलं, "मग निळा रंग?"

"त्यो ती गेल्यावर दिला. बाकड्यावर कुनी बसंना म्हनून."

निळ्या रंगावरचे ठसे पद्मजाने स्वतःच्या हाताने खरवडून टाकले होते. त्या निळ्या कपच्या अजून तिच्या पायाशी पडल्या होत्या. साळूबाईंनी ते ठसे पाहिले होते. पाहून गप्प राहिल्या होत्या. दोघींनी एकमेकींकडे बघायचं टाळलं आणि उरलेला तांबडा रंग काढला.

खालचं सागवान मधासारखं निघालं. डाव्या टोकाला फळी किंचित खोलगट झाली होती, घासून घासून पायरी झिजते तशी. पाण्याने सोडा-चुना धुऊन काढला, बाकडं सावलीत वाळवलं. वाळत असताना पद्मजा जाता-येता त्याला हात लावून बघे. ऊब आता नुसती फळीत नव्हती. पाठीच्या लाकडातही होती, खांद्याच्या उंचीला. रंगाचा एकेक थर निघाला तशी ती बाई जवळ आली होती.

आणि पद्मजाच्या बाबतीत आणखी एक गोष्ट घडू लागली, ती तिने कुणाला सांगितली नाही. दुपारची कामं उरकली की ती परसाचं दार उघडून बाकड्यावर बसे. का बसते ते तिलाच कळत नसे. परसाच्या कुंपणापलीकडे गाडीवाट होती. त्या वाटेकडे बघत बसे. गाडीचा आवाज आला की उठून कुंपणाशी जाई, गाडी न थांबता गेली की परत येऊन बसे. आपण कुणाची वाट बघतोय, हे तिने मनाला विचारलं, तर मनात कुणाचंच तोंड येईना. एकदा गंगाधर कचेरीतून आला, तेव्हा घरात करपल्याचा वास भरला होता आणि पद्मजा बाकड्यावर, डाव्या टोकाला, हात मांडीत घेऊन बसली होती. त्याने दोनदा हाक मारली. तिसऱ्यांदा खांद्याला हात लावला, तेव्हा तिने त्याच्याकडे अनोळखी माणसाकडे बघावं तसं पाहिलं.

त्या संध्याकाळी तिने घरात सगळं सांगितलं. गंगाधरने सुपारी कातरायचं थांबवलं. म्हणाला, "फोडून बंबात घालतो."

"नको," गुरुजी आतून म्हणाले. त्यांनी ऐकलं होतं. "बसलेल्या बाईला उठवून तिचं आसन जाळायचं? आपल्या घरात असं होत नाही."

"मग काय करायचं, बाबा?"

"तिच्या माणसांना विचार."

साळूबाईंना विचारलं, तर त्या जणू या प्रश्नाचीच वाट बघत होत्या. "आमच्या घरला न्हेऊ द्या," त्या म्हणाल्या. "आमची हाय ती. सासूबाईबी अजून हाईत. तिला घरला न्ह्यायचं ऱ्हाऊनच गेलंया."

मग पद्मजाने बाकडं पुरं केलं. काम अर्धवट ठेवून पाठवणं तिला बरं वाटेना. घासकागद रेषांच्या दिशेने फिरवून लाकूड गुळगुळीत केलं. अळशीचं तेल किंचित कोमट करून फडक्याने चोळलं. बाकीच्या फळीवर तेल मुरायला अर्धा दिवस लागला. डाव्या टोकाला फडकं टेकवलं की तापल्या तव्याने प्यावं तसं ते तेल पिऊन टाकी. पद्मजाने तेल लावण्याआधी फडकं हातात धरून हळूच म्हटलं, "जरा उठता का? ओलं आहे. वाळलं की बसा." बोलून झाल्यावर ती आपल्याच आवाजाला दचकली. पण हात लावला तेव्हा फळी गार होती. तेल वाळेपर्यंत गारच राहिली.

साळूबाईंचे यजमान चिमाजी गाडी घेऊन आले. उंच, वाकलेले, डोक्याला मुंडासं. त्यांनी बाकड्याकडे पाहिलं आणि दोन्ही हात जोडले. पद्मजाने डाव्या टोकाला हळदकुंकू वाहिलं, खण-नारळ ठेवला. सवाष्णीसारखं करावं की नाही याचा तिने विचार केला होता. मानसिंगचं काही कळलंच नव्हतं. तेव्हा कुंकू लावू नये असं कोण म्हणणार?

साळूबाई बाकड्यापुढे उभ्या राहिल्या. "आक्का, ऊठ," त्या म्हणाल्या, नेहमीच्या, भांडी घासताना बोलावं तशाच आवाजात. "लई बसलीस. घरला जाऊ. सासूबाई वाट बघत्यात."

बाकडं गाडीत चढवलं. साळूबाई वर चढल्या आणि उजव्या टोकाला अंग चोरून बसल्या. गाडी वळणावर दिसेनाशी झाली, तोवर गुरुजी ओसरीवर भिंतीला धरून उभे होते. "गेल्या?" त्यांनी विचारलं.

"गेल्या, मामंजी."

गुरुजींसाठी गंगाधरने वेताची आरामखुर्ची आणली. पद्मजा दुपारी परसात बसायची बंद झाली. गाडीचा आवाज आला तरी आता तो नुसता गाडीचा आवाज होता. पाऊस झाला, भात निघालं, थंडी पडली. साळूबाई पुन्हा भोरात आल्या, तेव्हा भांडी घासून झाल्यावर पद्मजाने त्यांना चहा दिला आणि समोर बसून विचारलं, "घरी सगळं ठीक?"

"ठीक हाय."

"बाकडं?"

साळूबाईंनी बशीत चहा ओतला. "वसरीवर ठिवलंय. सासूबाई रोज पुसत्यात." घोट घेतला, बशी खाली ठेवली. "आता दोन जागा ऊन लागत्यात, वैनी. शेजारी शेजारी. सासूबाई म्हनत्यात, मानसिंग कवाच घरला आल्ता. ही नाक्यावर बसून व्हती आन् त्यो घरात. दोगांची चुकामूक."

पद्मजाने विचारलं, "तुम्हाला भीती नाही वाटत?"

"भ्या कशाचं? घरचीच हाईत." साळूबाई जरा लाजल्यासारख्या हसल्या. "पर आमी आता परसाच्या दारानं येतो-जातो. नवराबायकू बोलत बसल्याली, मदनं कसं जायाचं?"