मात्रा लागू पडेना

त्या कपड्यांच्या कंपनीत पॅटर्न कापणारे दोघंच होते आणि दोघांनाही सगळे 'मास्टर'च म्हणत. एक चष्मेवाले, जुने. दुसरी ती. नवी मालकीण आली आणि तिने हसत हसत सांगून टाकलं, की हंगाम संपला की दोघांपैकी एकालाच ठेवू. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी जरा जास्तच गोड बोलायला लागले.

तिच्या दहा वर्षांच्या लेकीला घरीदारी सगळे भिंगरी म्हणत. एका पायात बूट घालून दुसरा शोधायला गेली, की वाटेत पेन्सिलीला टोक काढत बसायची. डॉक्टरबाईंनी नीट तपासून लक्ष टिकण्यासाठी रोज सकाळी दोन गोळ्या दिल्या होत्या. त्या लागू पडल्या. "आई, आज बाई बोलल्या ते शेवटपर्यंत ऐकू आलं," असं पोरीने शाळेतून आल्या आल्या सांगितलं होतं.

एका सकाळी तीन कोटांचे पॅटर्न डोक्यावर होते आणि डोळे मिटत होते. तिने भिंगरीला एकच गोळी दिली, दुसरी स्वतः घेतली. दुपारपर्यंत मुंढे, बाह्या, कॉलर, अस्तर, सगळं कापून तयार. डब्याची आठवणसुद्धा झाली नाही.

"हाताला चाकं लावलीत की काय?" चष्मेवाल्यांनी विचारलं.

ती हसली. कामावर असं मोकळं हसून तिला बरेच महिने झाले होते.

मग ते रोजचंच झालं. एकीवरही भागतंय पोरीचं, अशी तिने मनाची समजूत घातली. भागत नव्हतं. वर्गशिक्षिकेचे फोन यायला लागले. संध्याकाळी गोळीचा जोर ओसरला, की ती चिडचिडी व्हायची आणि पोरीवर खेकसायची, "एवढं साधं लक्षात राहत नाही तुझ्या?" भिंगरी खाली मान घालून उभी राहायची. आपलीच गोळी आईच्या पोटात गेली आहे, हे तिला कुठून ठाऊक असणार?

"औषध रोज घेते ना?" डॉक्टरबाईंनी विचारलं.

"रोज. मी स्वतः देते."

हे खोटं नव्हतं, म्हणूनच सहज बोलता आलं. डॉक्टरबाईंनी विचार करून मात्रा वाढवली, सकाळी तीन. घरी येताना तिने ठरवलं होतं, की आता पोरीला निदान दोन द्यायच्या. सकाळ झाली, घाईत तिने एक दिली आणि दोन आपल्या तोंडात टाकल्या.

हंगाम संपत आला तेव्हा मालकीण तिला घेऊन परगावच्या कारखान्यात गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी नवऱ्याचा फोन आला. तो लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर भल्या पहाटेच निघायचा, पोरीचं औषध त्याने कधी दिलंच नव्हतं.

"पाकिटावर तीन लिहिलंय. तीनच द्यायच्या ना?"

मालकीण शेजारीच उभी होती, हातातला कोट उलटा करून शिवण बघत. एकच दे, एवढं म्हटलं की झालं असतं. पण मग का, असं त्याने विचारलं असतं.

"हो, तीनच," ती म्हणाली.

दुपारी शाळेतून नवऱ्याला बोलावणं आलं. भिंगरीच्या छातीत धडधड थांबत नव्हती, हात कापत होते. परगावाहून ती संध्याकाळी इस्पितळात पोहोचली तेव्हा पोरीच्या छातीला तारा लावलेल्या होत्या आणि ती टक्क जागी होती.

"ही मात्रा बरेच आठवडे चालू आहे म्हणता. मग आजच असं का व्हावं?" तिथल्या डॉक्टरने विचारलं.

"माझंच काहीतरी चुकलं असणार," नवरा म्हणाला. "मी पहिल्यांदाच दिल्या."

त्याच्या अंगावर अजून कामाचे ग्रीसने माखलेले कपडे होते. तिला ते ऐकवेना.

"त्यांनी बरोबर दिल्या," ती डॉक्टरला म्हणाली. "मीच तिला एक देत होते. बाकीच्या मी घेत होते."

नवऱ्याने आवाज चढवला नाही. "मी तुला फोनवर विचारलं होतं," एवढंच म्हणाला आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

दुसऱ्या दिवशी भिंगरी सावरली. डॉक्टरबाईंनी मात्रा पुन्हा दोनवर आणली आणि पोरीचा अभ्यास रुळावर आला.

चष्मेवाल्यांना नारळ मिळाला. जागा तिला मिळाली आणि दोघांचं कामही. गोळ्या सोडल्यावर तिला नुसती झोप यायची, रेघ ओढायला घेतली की मध्येच हात थांबायचा. शेवटी ती मालकिणीसमोर जाऊन उभी राहिली.

"एवढं माझ्याच्याने होणार नाही."

"गेल्या महिन्यात तर होत होतं."

"ते मी मुलीच्या गोळ्या घेऊन करत होते."

मालकिणीने दार लोटून घेतलं, आवाज खाली आणला. "मग तुमच्या स्वतःच्या नावावर लिहून नाही का घेता येणार?"

तिने त्याच आठवड्यात काम सोडलं. आता ती कोपऱ्यावरच्या एका दुकानात लोकांच्या पँटी आखूड करून देते, कुणाच्या कमरेला ढील देते. गोळ्यांचं पाकीट नवरा हत्यारांच्या पिशवीत कुलूप लावून ठेवतो आणि कामावर निघण्याआधी पोरीला उठवून स्वतःच्या हाताने देतो.

"माझ्या हातात कधी देशील ते?" एकदा तिने विचारलं.

त्याने पिशवीचं कुलूप ओढून पाहिलं. "मला नाही सांगता येत," म्हणाला आणि पिशवी खांद्याला लावून निघून गेला.